आहेस ना?

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा आणि डोहाळजेवणात एकदा बायकांनी खिंडीत गाठलं म्हणून उखाण्यात घेतलं, तेवढंच. पुढं जन्मभर 'अहो'. तेव्हा इथंही ते यायचं नाही. कुणाला फारच नड असली तर त्यानं शुक्रवार पेठेत आमच्या घरी यावं. बाहेरच्या खोलीत वीरचक्राचं सन्मानपत्र भिंतीवर लावलंय, त्यात वाचावं. चहा मिळेल.

मला सांगायचंय ते त्यांच्या नावाचं नाहीच. ते मला दिवसभर एक प्रश्न विचारायचे, त्याचं सांगायचंय.

"आहेस ना?"

बस, एवढाच. मी स्वयंपाकघरात, ते बाहेर पेपर वाचत बसलेले, की मध्येच आवाज यायचा, "आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे की." मग पेपरचं पान उलटल्याचा आवाज. न्हाणीघरातून विचारायचे, अंगावर पाणी घेता घेता. गच्चीतून विचारायचे. स्कूटरवर मी मागं बसलेली, माझा हात त्यांच्या खांद्यावर, तरी विचारायचे. एकदा कन्ना चौकातल्या गर्दीत असंच विचारलं, तेव्हा मी चिडून म्हटलं, "न्हाय, मघाशीच पडले मागं. तुमी व्हा पुढं." तर गृहस्थानं करकचून ब्रेक मारला आणि मागं वळून बघितलं. आमच्या मागचा रिक्षावाला दख्खनी उर्दूत काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काम काही नसायचं. "का हाक मारली?" म्हटलं तर "काय न्हाय, असंच." सुरुवातीला मी ओल्या हातानं धावत जायचे. मग लक्षात आलं, जायचं नसतं, नुसतं उत्तर द्यायचं असतं. ते मात्र लगेच. जरा उशीर झाला की दुसरी हाक, मग तिसरी, आणि मग चपला सरपटत आल्याचा आवाज. समोरच्या घरातली माझी मैत्रीण तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, जिभेनं माझ्याहून तिखट. ती म्हणायची, "तुझा पायलट तुला रडारवर ठेवायलाय बघ." पेठेतल्या बायकांना वाटायचं, काय बाई प्रेम! मला वाटायचं, काय ही कटकट. दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

ते मूळचे मैंदर्गीचे. घरची कोरडवाहू शेती, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. शाळेतल्या मास्तरांनी हुशारी बघून पुढं रेटलं, आणि हा पोरगा हवाई दलात जाऊन बॉम्ब टाकणारं विमान चालवायला लागला. माझ्या सासूबाईंना ते नेमकं काय करतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. "विमानात कंडक्टर येगळा असतोय का तूच तिकीट फाडतोस?" असं त्यांनी विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. हेही शांतपणे म्हणाले, "येगळा असतोय, यव्वा." त्या वेळी मी खो खो हसले होते. त्या उत्तरात किती खरं होतं हे मला पुढं कळलं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर त्यांना वीरचक्र मिळालं आणि पेपरात फोटो आला. आमच्या वडलांचं पेठेत भुसार मालाचं दुकान होतं. त्यांनी तो पेपर दुकानात खिळ्याला अडकवला. आपल्या लिंगायत समाजातला मुलगा, आपल्या मुलखातला, आणि बिनलग्नाचा! वडील कुणाकुणाला भेटले काय की, पण पुढच्या उन्हाळ्यात तो फोटोतला माणूस आमच्या माडीवर पोहे खात बसला होता.

मी मोठ्या आशेनं ट्रे घेऊन गेले. बघते तर काय, काळासावळा, खांदे पडलेले, नजर खाली, आणि पोह्यातले शेंगदाणे एकेक निवडून बशीच्या कडेला ठेवतोय. सोलापुरात येऊन शेंगदाणे टाकणारा माणूस! कुणी दिलं याला वीरचक्र, असं मनात आलं. वडीलधाऱ्यांची ऊसपाण्याची बोलणी चालली होती. तेवढ्यात लाईट गेली. दिवस मावळून गेलेला, माडीला एकच खिडकी, त्यामुळं चांगलाच अंधार झाला. आई कंदील आणायला खाली गेली. सगळे आपोआप गप्प झाले. आणि त्या अंधारात समोरून आवाज आला, "आहात ना?"

वडलांना वाटलं त्यांना विचारतोय, काकांना वाटलं त्यांना. कुणीच बोलेना. मला अवघडलेपण सोसत नाही, मी बोलून गेले, "आहे की. जाणार कुठं?"

वडील अंधारातच खाकरले. कंदील आला तेव्हा हे माझ्याकडंच बघत होते आणि यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं पोह्यातली मिरची लागली. दुसऱ्या दिवशी होकार आला. पुढं कित्येक वर्षं मी हा किस्सा हळदीकुंकवात रंगवून सांगायचे. एका उत्तरावर गडी पाघळला बघा, म्हणायचे. मला त्याचा तोरा होता, का नसावा?

हवाई दलात असेपर्यंत गावोगाव फिरलो. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे काहीजण खासगी विमानं चालवायला गेले, हे गेले नाहीत. "आता पाय जमिनीला लागू देत," म्हणाले. माझ्या माहेराजवळ पेठेत घर घेतलं. मधूनमधून एसटीनं मैंदर्गीला जाऊन भावाबरोबर शेतात राबायचे आणि संध्याकाळी मातीनं माखून यायचे. स्वातंत्र्यदिनाला शाळांतून बोलावणी यायची. पोरं विचारायची, "बॉम्ब टाकताना भीती वाटली का?" हे म्हणायचे, "विमान दणकट होतं म्हणून परत आलो. अभ्यास करा." संपलं भाषण. मुख्याध्यापकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

मलाही त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. सन्मानपत्रात लिहिलेलं तेवढं पाठ होतं: शत्रूच्या धावपट्टीवर अचूक मारा केला, विमानाची मोडतोड झाली, सहकारी जबर जखमी झाला, तरी असामान्य धैर्यानं विमान परत आणलं. त्या काचेवरची धूळ मी दर शुक्रवारी पुसायचे. 'सहकारी' या शब्दावरून माझं फडकं नुसतं पुढं सरकायचं.

मग तो कुरडयांचा दिवस आला.

वैशाख. समोरच्या मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही चौघी-पाचजणी सकाळपासून कुरडया घालत होतो. गव्हाचा चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो, थंड झाला की संपलं, त्यामुळं मान वर करायची सोय नसते. हे मैंदर्गीला गेलेले, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. पण दुपारीच आले. घराला नुसती कडी. हाक मारली, उत्तर नाही. परत मारली. आम्ही इकडं सोऱ्या दाबतोय आणि हसतोय, आम्हाला काय ऐकू येणार?

थोड्या वेळानं रस्त्यावरून आवाज यायला लागला. "आहेस ना? आहेस ना गं?" मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, रडार बंद पडलं वाटतं!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी कठड्यावरून खाली बघितलं. बनियन आणि लुंगीवर, अनवाणी, भर दुपारच्या डांबरावरून हा माणूस दारोदार विचारत फिरत होता. माझ्या माहेरच्या दुकानात जाऊन आला होता, मधल्या मारुतीपर्यंत जाऊन आला होता. मी वरून ओरडले, "आहे की! हितं वर! मेले न्हाय अजून!" त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. उठता येईना. तळपायांना फोड आले होते. दुकानातल्या दोघांनी धरून घरी आणलं.

माझा असा काही पारा चढला होता म्हणता! त्यांचे पाय मांडीवर घेतले, खोबरेल लावत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "पेठेत हसं केलंत माझं. लढाईत नाव काढलेला माणूस आणि बायको घटकाभर दिसली न्हाय तर येड्यागत पळतो? लहान हाय का तुमी? काय झालं असतं मला, कुरडयांनी गिळलं असतं?"

ते म्हणाले, "त्या दिवशी पण असंच विचारत होतो."

"कुठल्या दिवशी?"

मग सांगितलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. माझ्याकडं बघत नव्हते, छताकडं बघून बोलत होते.

"त्या विमानात आमी दोघंच. मी वर, काचंखाली. आन् तो पुढं, खाली, विमानाच्या नाकात. नॅव्हिगेटर. दिशा त्यानं सांगायची, मी चालवायचं. मला तो बसल्या जागंवरनं दिसायचा न्हाय, नुसता आवाज कानात. बेळगावकडचा होता. बाकीच्यांसंगं इंग्रजी, आमी दोघं असलो की आपलं मराठी.

"बॉम्ब टाकायच्या वक्ताला पायलटच्या हातात काय नसतंय बघ. तो पालथा झोपून खाली बघतो आन् सांगतो, डावीकडं, अजून जरा, आता सरळ धर. खालनं तोफा मारू देत, हलायचं न्हाय. हललो की सगळं वाया. त्यानं सांगितलं, मी धरलं. काम झालं. आन् वळता वळता लागलं. नाकात लागलं, आन् एका इंजिनाला. इंजिन बंद केलं. वाऱ्याचा असा आवाज सुरू झाला की काय ऐकू येईना. मी विचारलं, आहेस ना? तो म्हणला, 'आहे की.' मग परतीची दिशा सांगितली. नीट, आकडा सांगून. 'धर आता सरळ, घरीच जातंय,' म्हणला.

"जरा वेळानं परत विचारलं. उत्तर न्हाय.

"उडी मारायची खुर्ची फक्त माझ्या खाली होती. तसलंच विमान ते. त्याला सरपटत दारापर्यंत जाऊन उडी टाकायला लागायची. विमान काय टिकायचं लक्षण न्हवतं. पण मी कसा जाऊ? तो बोलंना म्हणजे तो न्हाय, असं कुणी सांगितलं? तार तुटली आसंल. त्याला ऐकू येत आसंल आन् मला येत नसंल. मग मी बोलतच आलो. मैंदर्गीच्या बाजाराचं सांगितलं, आईच्या हातच्या गव्हाच्या हुग्गीचं सांगितलं, आमच्या लंगड्या बैलाचं सांगितलं. मधनंमधनं विचारायचो, आहेस ना? त्यानं सांगितलेल्या आकड्यावर सरळ धरून आलो. चाकं खाली येईनात, पोटावर उतरवलं. डॉक्टर म्हणला, हा मघाशीच गेलाय. लागल्यावर थोड्याच वेळात."

मी तेल लावायचं थांबले होते. माझ्या तोंडून एवढंच आलं, "उत्तर येत नव्हतं, तर इतका वेळ विचारत कसे राहिलात?"

"विचारायचं थांबलो असतो तर तो गेला असता की," ते म्हणाले.

मला रडू आलं, ते त्या बेळगावच्या मुलासाठी. पण पाठोपाठ दुसरं काही तरी आठवलं. 'आहे की.' माडीवर, अंधारात, मी तेच म्हटलं होतं. तेच, तसंच.

"म्हणून मला होकार दिलात होय?" मी विचारलं. "त्यानं दिलं तसं उत्तर दिलं म्हणून?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, मला कळतं.

आता सांगा, मी काय करावं? इतकी वर्षं ज्या किश्शाचा तोरा मिरवला, तो माझा नव्हताच. सवत असती तर केस धरून भांडले तरी असते. हा तर कधीचा गेलेला सोन्यासारखा पोरगा, त्याच्याशी भांडायचं तरी कसं! त्यानंतर काही दिवस मी मुद्दाम वेगळी उत्तरं दिली. "हं." "काय ओ?" "ऐकायले, बोला." ते परत विचारायचे, परत विचारायचे. "आहे की" म्हटलं की मगच पेपरचं पान उलटायचं. मग मी मुकाट पुन्हा तेच म्हणायला लागले. पण प्रत्येक वेळी मनात यायचं, हा माणूस कुणाला विचारतोय? मला, का त्याला?

दर संक्रांतीला ते बेळगावकडं जायचे. आमच्याकडं तेव्हा गड्ड्याची जत्रा. सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा, उंच नंदीध्वजांची मिरवणूक, अमेरिकेतली पोरंसुद्धा त्या दिवसांत सोलापूर गाठतात, आणि आमचं माणूस बरोबर तेव्हाच गायब. 'एका जुन्या घरी जायचंय,' एवढंच सांगायचे. मी दरवर्षी फणकारायचे. त्या कुरडयांनंतरच्या संक्रांतीला मी पिशवी भरली आणि म्हटलं, "मी पण येते."

ते नॅव्हिगेटरच्या आईचं घर होतं. म्हातारी एकटीच, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण चूल स्वतःच करायची. आम्ही बाहेरच्या खोलीत टेकलो. आतून हाक आली, "आहेस का रे?"

मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "आहे की."

आवाज त्यांचा नव्हता. जरा कोवळा, शेवटाला किंचित उचललेला, बेळगावकडं बोलतात तसा. मी वळून बघितलं तर ते जमिनीकडं बघत होते. आत भांडी वाजत राहिली. थोड्या वेळानं परत, "आहेस का रे?" परत, "आहे की." दिवसभर हेच चाललं होतं, आणि दोघांनाही त्यात काही नवल वाटत नव्हतं.

निघताना म्हातारीनं माझी ओटी भरली. हातानं चाचपून माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "हा माझा न्हवं, एवढं कळतंय मला बाई. डोळं गेल्यात, कान न्हाईत गेले. पण कुणीतरी आहे म्हणतंय की."

मी तिच्या पायाशी वाकले ती उठेचना. परतीच्या एसटीत खांद्याला खांदा लागून बसलो होतो, तरी विजापूर सोडल्यावर त्यांनी विचारलं, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे की." त्या दिवशी ते म्हणताना मला बरं वाटलं. पण माझा प्रश्न गेला असं सांगितलं तर खोटं होईल. माणसाला आपल्या नवऱ्यानं आपल्याला हाक मारावीशी वाटते, दुसऱ्याची हाक आपण झेलावीशी वाटत नाही. ती म्हातारी पुढं गेली, आमचं बेळगाव सुटलं. लेक लग्न होऊन पुण्याला गेली. घरात आम्ही दोघं उरलो, आणि ती हाक.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. छातीत पाणी झालं, दवाखान्यात ठेवलं. मधूनमधून भ्रम व्हायचा. नर्स त्यांचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, ढिम्म हलायचे नाहीत. मी नुसतं "अहो" म्हटलं की डोळे उघडायचे. एका सकाळी म्हणाले, "परतीची दिशा सांग."

मला कुठले आकडे येतात? मी म्हटलं, "सांगते. दवाखान्यातून बाहेर पडलं की सात रस्ता. मग सरळ धरा. नवी पेठ लागेल, गर्दी असते, हळू घ्या. मग मधला मारुती, तिथं वळलं की आपली पेठ. शिंप्याच्या दुकानापुढं तिसरं दार."

"सरळ धरलंय," ते म्हणाले.

"धरा. घरीच जातंय."

हे त्या मुलाचेच शब्द, बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पण ते शांत झोपले.

दुपारी जागे झाले तेव्हा नजर स्वच्छ होती. लेक खाली औषधं आणायला गेली होती. मला वाटलं, आता नाही विचारलं तर राहूनच जाईल. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "एक सांगा. खरं सांगा. इतकी वर्षं 'आहेस ना' म्हणून कुणाला विचारत होता? मला, का त्याला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ओठांच्या कडेला ते मैंदर्गीचं हसू आलं. मी रागावले की यायचं ते.

"उत्तर कोण देत होतं?"

"मी."

"मग विचारत कुणाला होतो? येडी का खुळी तू?"

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?" मी म्हटलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी हात हातात घेतला. "त्याला त्या दिवशी वाटभर विचारलं," ते म्हणाले. "तो बोलला न्हाय. तू पहिल्यांदाच बोललीस. अंधारात. मला वाटलं, आता हिला सोडायचं न्हाय."

एवढं एक वाक्य. त्यासाठी जन्म घालवला माझा या माणसानं. पण मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशाशी बसून संत्रं सोलत होते. बराच वेळ झाला, हाक आली नाही. आधी वाटलं झोप लागली. मी वाट बघत राहिले. फोडी सोलून बशीत ठेवल्या, तरी आली नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं.

"अहो, आहात ना?"

आमच्यात पुरतात, आणि बसवून पुरतात. मखर फुलांनी सजवून त्यात माणसाला बसवून नेतात, त्याला विमानच म्हणतात आमच्याकडं. हवाई दलातून तरुण अधिकारी आले होते, पुष्पचक्र घेऊन. आडव्या देहाची सवय असलेली ती मुलं बिचारी गोंधळून उभी राहिली, चक्र कुठं ठेवायचं कळेना. शेवटी माझ्या दिरांनी सांगितलं आणि त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवलं. ताठ बसून गेले ते. एवढे ताठ तर जिवंतपणीही बसायचे नाहीत.

लेक म्हणते, "आई, पुण्याला चल. एकटी कशाला राहतेस?" चांगली पोर आहे, जावईही चांगले आहेत. पण मी जात नाही. तिला कारण सांगितलं तर ती मला डॉक्टरकडं नेईल.

हल्ली सोलापुरात विमान उतरायला लागलंय. आमच्या पेठेवरून आवाज गेला की मैत्रीण गच्चीतून ओरडते, "आला बघ गं तुझा!" आणि मग जीभ चावते. मी हसते. तिला काय बोलू? मला त्यांची लई आठवण येते, एवढंच खरं आहे. पेपर तसाच घडी करून पडून असतो, त्याचं पान उलटल्याचा आवाज येत नाही. कुणी मला विचारत नाही, आणि न विचारलेलं उत्तर तोंडातच राहतं.

म्हणून मी विचारते. काल सकाळी भाकरी थापत होते. त्यांना सांगितलं, ज्वारी यंदा महाग आहे. मैत्रिणीचा गुडघा परत धरलाय. शिंप्याच्या दुकानात आता मोबाईल दुरुस्त करतात. तुमच्या भावाचा फोन आला होता, मैंदर्गीला पाऊस बरा झालाय. हे सगळं सांगून झाल्यावर बाहेरच्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "आहात ना?"

उत्तर आलं नाही. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि परत विचारलं.